फोन नवा, दावण जुनीच

वसमतच्या मोंढ्यात हळदीची हिशेबपट्टी हाती पडली की तो पैसा कोणकोणत्या वाटांनी निघून जातो, हे त्या भागातील कोणीही बोटांवर मोजून सांगेल. आधी सोसायटीचे कर्ज, मग खतवाल्याची उधारी, मग एखादे लग्नकार्य किंवा दवाखाना. गेल्या दहा-बारा वर्षांत या यादीत आणखी एका वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे मोबाइल फोन. जुना फोन तापतो, अडकतो, दुपार होईतो त्याची बॅटरी मान टाकते. मग घरातला कॉलेजात जाणारा मुलगा सांगतो की ही कंपनीच बेकार, आता दुसऱ्या कंपनीचा घेऊ. नऊ महिने जमिनीत वाढलेल्या, मग शिजवून, वाळवून, घासून बाजारात आणलेल्या पिकातले दहा-पंधरा हजार रुपये त्या चौकोनी डबीत जाऊन बसतात.

हा ज्याच्या त्याच्या खाजगी खरेदीचा प्रश्न आहे, त्यावर अग्रलेख कशाला खर्ची घालायचा, असे काही वाचकांना वाटेल. कोणी सॅमसंग सोडून व्हिवो घेतो, कोणी रेडमी सोडून रिअलमी. ज्याची हौस त्याला लखलाभ. फोन ही केवळ हौसेची वस्तू असती तर आम्हीही हेच म्हटले असते. परंतु १५ ऑगस्ट २०२१ रोजी महाराष्ट्र शासनाने ई-पीक पाहणी राज्यभर लागू केली आणि सातबाऱ्यावरचा पीकपेरा शेतकऱ्याने स्वतःच्या फोनवरून, शेतात उभे राहून, छायाचित्रासह नोंदवावा असे ठरविले. तलाठ्याने चावडीत बसून पीक लिहिण्याची जुनी रीत आदर्श होती असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. त्या रीतीने कितीतरी शेतांत नसलेली पिके उगविली होती आणि असलेली नाहीशी झाली होती. तरीही एक गोष्ट घडली. सरकारी खरेदी, पीकविमा, नुकसानभरपाई यांच्या वाटेवर एक स्मार्टफोन येऊन उभा राहिला. पीएम-किसानची ओळखतपासणी, बँकेचा सांकेतिक अंक, मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, सगळे त्याच दारातून जाते. जी वस्तू नसेल तर नागरिकाचा हक्कच अडतो, तिला हौस म्हणणे हा शुद्ध कावा आहे. रेशनकार्ड कोणी हौसेने बाळगत नाही.

म्हणूनच जुना फोन टाकून दुसऱ्या कंपनीचा घेताना शेतकऱ्याला वा मजुराला नेमके किती स्वातंत्र्य असते, हा राजकीय प्रश्न ठरतो. याचे सर्वांत बोलके उदाहरण कोणा श्रीमंत गिऱ्हाइकाचे नाही. ते महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांचे आहे, आणि ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण वर्तमानपत्रांनी ते दोन दिवस छापले आणि सोडून दिले.

पोषण अभियानासाठी राज्य सरकारने २०१८-१९च्या सुमारास एक लाखाहून अधिक स्मार्टफोन खरेदी केले आणि सेविकांच्या हाती दिले. फोन पॅनासॉनिक कंपनीचे होते. प्रत्येकी ८,७७७ रुपये दराने घेतलेला हा फोन बाजारात बराच स्वस्त मिळतो आणि या व्यवहारात १०६ कोटी रुपयांचा घोटाळा झाला, असा आरोप विधान परिषदेतील तेव्हाचे विरोधी पक्षनेते धनंजय मुंडे यांनी मार्च २०१९मध्ये केला. तत्कालीन महिला व बालविकास मंत्री पंकजा मुंडे यांनी तो फेटाळून लावला. दोघेही मराठवाड्याचे, बीडचे. त्यामुळे आमच्या भागात या प्रकरणाची चर्चा भावा-बहिणीच्या भांडणाच्या अंगानेच अधिक रंगली. फोन ज्यांना वापरावयाचा होता त्या बाईला तो कसा आहे, हे विचारण्याची गरज दोन्ही बाजूंना फारशी वाटली नाही.

तिचे उत्तर दोन वर्षांनी मिळाले. फोनची स्मृतिक्षमता अवघी दोन जीबी. वजन-उंची, पोषण आहार, गरोदर मातांच्या नोंदी, छायाचित्रे हे सारे त्यात भरावयाचे. फोन तापू लागले, बंद पडू लागले. दोन वर्षांची हमी २०२१मध्ये संपली आणि दुरुस्तीचा काही हजारांचा खर्च सेविकेच्या माथी येऊ लागला. तिचे मानधन तेव्हा महिन्याला सव्वाआठ हजारांच्या आसपास. त्यातच मार्च २०२१मध्ये केंद्राने 'पोषण ट्रॅकर' नावाची नवी प्रणाली आणली. सुरुवातीला ती मराठीत नव्हती, आणि ती त्या फोनात नीट चालतही नव्हती. सेविकांना तोंडी सांगण्यात येई की स्वतःचा फोन वापरा, नाहीतर नवऱ्याचा, मुलाचा मागून घ्या. ऑगस्ट २०२१मध्ये राज्यभर सेविकांनी मोर्चाने जाऊन हे सरकारी फोन बालविकास प्रकल्प कार्यालयांत परत केले. भाषेचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला. नव्या फोनचे आश्वासन अखेर पदरात पडले ते फेब्रुवारी २०२३च्या संपानंतर.

वाचकांनी याचा अर्थ ध्यानात घ्यावा. दुकानात जाऊन दहा मिनिटांत जी गोष्ट होते, म्हणजे एका कंपनीचा फोन ठेवून दुसऱ्या कंपनीचा उचलणे, तिच्यासाठी महाराष्ट्रातील सुमारे दोन लाख सेविका-मदतनिसांना दीड वर्ष झगडावे लागले. ज्यांना सरकार कर्मचारी म्हणावयास तयार नाही, ज्यांच्या पगाराला मानधन म्हटले जाते, त्यांच्यावर कर्मचाऱ्याचे अवजार मात्र सक्तीने लादले जाते, आणि अवजार मोडले की ते दुरुस्त करण्याची जबाबदारी मानधन घेणारीची. गिरणीतल्या कामगाराला मालकाने कधी माग घरून घेऊन ये म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. जुलै २०२५पासून तर घरपोच आहार देताना लाभार्थीचा चेहरा फोनवर पडताळण्याची अटही घालण्यात आली. म्हणजे आता फोन चालला नाही, किंवा वाडीवर नेटवर्क मिळाले नाही, तर अडतो तो गरोदर बाईचा शिधा.

भाषेच्या मुद्द्यावरून एक आठवण सांगावीशी वाटते. वसमत आणि त्याच्या भोवतालचा मुलूख १९४८च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि महसुली दप्तर उर्दूत चाले. उर्दू ही थोर भाषा. दोष भाषेचा नव्हता. परंतु आपल्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागणे म्हणजे काय, हे त्या पिढीच्या मराठी शेतकऱ्याला चांगले ठाऊक होते. कागद वाचून दाखविणारा जे सांगेल ते खरे. आज पडद्यावर इंग्रजी अक्षरांत विचारलेल्या प्रश्नाला 'होय' म्हणून अंगठा टेकविणाऱ्या माणसाची अवस्था फार वेगळी नाही.

आता बाजाराकडे वळू. आमचे उदारमतवादी मित्र सांगतात की सरकारी खरेदी अशीच असावयाची. खुल्या बाजारात मात्र गिऱ्हाईक राजा आहे, एक कंपनी आवडली नाही तर दुसरीकडे जावे. या विधानात तथ्य मुळीच नाही असे नव्हे. स्पर्धेमुळे फोन स्वस्त झाला, आणि ज्या घरात पूर्वी टपालाचा मनिऑर्डर फॉर्म हेच दळणवळण होते, त्या घरातली ऊसतोड करणारी बाई आज पश्चिम महाराष्ट्रातल्या फडातून गावाकडच्या लेकराचे तोंड पाहू शकते. हा फायदा नाकारण्याइतके आम्ही आंधळे नाही. प्रश्न आहे तो राजेपणाचा.

नोकियाचे काय झाले ते आठवा. एके काळी फोन म्हणजे नोकिया, इतके ते नाव घट्ट बसले होते. तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूर येथे २००६ साली त्या कंपनीचा कारखाना सुरू झाला. हजारो तरुण मुली तेथे कामाला लागल्या. एप्रिल २०१४मध्ये नोकियाने आपला फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकला. करांच्या वादात अडकलेला श्रीपेरुंबुदूरचा कारखाना त्या व्यवहारातून वगळला गेला आणि १ नोव्हेंबर २०१४ रोजी तेथील उत्पादन थांबले. आम्ही गिऱ्हाइकांनी तोवर कंपनी बदलली होती; मायक्रोमॅक्स, कार्बन, लावा ही नावे तालुक्याच्या दुकानांवर झळकू लागली होती. २०१४च्या सुमारास मायक्रोमॅक्स देशात सॅमसंगच्या खालोखाल होती. ही स्वदेशी कंपनी म्हणून काहींनी अभिमानही बाळगला. वस्तुतः यातले पुष्कळसे फोन चीनमध्येच तयार होऊन येत आणि त्यांवर देशी नाव चिकटे. मग तेच चिनी कारखानदार स्वतःच्या नावाने येथे उतरले. शाओमी जुलै २०१४मध्ये आली आणि तीन-साडेतीन वर्षांत अव्वल ठरली. देशी नावे दुकानांच्या पाट्यांवरून पुसली गेली. २०२०च्या जूनमध्ये गलवानच्या संघर्षानंतर चिनी मालाच्या होळ्या झाल्या, ५९ ॲप्सवर बंदी आली. फोनच्या बाजारात मात्र चिनी कंपन्यांचेच वर्चस्व टिकले. होळीची छायाचित्रे कोणत्या फोनने काढली होती, हा प्रश्न तेव्हाही कोणी विचारला नाही.

बरे, या नव्या नावांत तरी निवड किती? ओप्पो, व्हिवो, वनप्लस आणि रिअलमी ही चारही नावे बीबीके या एकाच चिनी उद्योगसमूहाच्या मुळातून फुटलेली आहेत. रेडमी आणि पोको ही शाओमीची अपत्ये. ओप्पोवर चिडून रिअलमी घेणारा गृहस्थ एका भावाच्या दुकानातून उठून दुसऱ्या भावाच्या दुकानात जाऊन बसतो. वरून पाट्या वेगळ्या, रंग वेगळे, जाहिरातीतला नट वेगळा, एवढेच.

आणि पाटी कोणाचीही असो, आतला कारभार गुगलच्या अँड्रॉइड प्रणालीचा. एक आयफोन तेवढा त्याला अपवाद, आणि तो वसमतच्या बाजारात किती जणांना परवडतो हे सांगावयास नको. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याच कारणासाठी. फोन बनविणाऱ्या कंपन्यांवर आपली ॲप्स सरसकट आधीच भरून देण्याची अट गुगल घालते आणि आपल्या वर्चस्वाचा गैरवापर करते, असा आयोगाचा निष्कर्ष होता. मार्च २०२३मध्ये अपील न्यायाधिकरणाने आयोगाच्या काही सूचना रद्द केल्या, दंड मात्र कायम ठेवला. आमच्या समजुतीप्रमाणे या निर्णयाची बातमी मराठी वृत्तपत्रांत आतल्या पानावर आली. पहिल्या पानावर त्या दिवशी बहुधा नव्या फोनची जाहिरात असावी.

कंपनी बदलल्याने कामगाराचे काय बदलते? डिसेंबर २०२०मध्ये कर्नाटकातील नरसापूर येथे आयफोन जुळविणाऱ्या विस्ट्रॉनच्या कारखान्यात थकलेल्या आणि कापलेल्या पगारावरून कामगारांचा उद्रेक झाला. पुढल्या वर्षी, डिसेंबर २०२१मध्ये, श्रीपेरुंबुदूरजवळच्या फॉक्सकॉनच्या वसतिगृहात अन्नातून विषबाधा होऊन दीडशेवर मुली आजारी पडल्या. त्या रस्त्यावर उतरल्या तेव्हा कुठे जगाला समजले की त्या कशा खोल्यांत आणि काय खाऊन राहत होत्या. २०२४च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याच भागात सॅमसंगच्या कामगारांनी महिनाभराहून अधिक काळ संप केला. तो कारखाना फोनचा नव्हे, फ्रिज आणि टीव्हीचा. पण मागणी काय होती? आमच्या संघटनेला मान्यता द्या, एवढीच मुख्य. अमेरिकन नाव, तैवानी ठेकेदार, कोरियन मालक; कामगाराने तोंड उघडले की तिघांनाही सारखाच राग येतो.

कंपनी बदलताना गिऱ्हाइकाचे जे नुकसान होते, ते पुरते ध्यानात येण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. २०११पूर्वी दूरध्वनी कंपनी बदलावयाची तर नंबर सोडावा लागे. नंबर म्हणजे माणसाचा पत्ता. आडत्याकडे, बँकेत, सोयऱ्याधायऱ्यांकडे तोच लिहिलेला. त्यामुळे सेवा कितीही वाईट असो, लोक त्याच कंपनीत कुजत राहत. कंपन्यांना हे हवेच होते. सरकारने नियम केला, नोव्हेंबर २०१०मध्ये हरियाणात सुरुवात झाली आणि २० जानेवारी २०११पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याचा हक्क मिळाला. कंपन्यांनी तांत्रिक अडचणींचा बराच पाढा वाचला होता. नियम झाल्यावर त्या अडचणी कोठे गेल्या कोणास ठाऊक. हा बाजाराने दिलेला हक्क नव्हे, कायद्याने बाजाराकडून काढून घेतलेला हक्क होय.

फोनच्या बाबतीत हे का होऊ नये? आज नंबर आपला, पण नंबरामागे साठलेले सारे आयुष्य परक्याच्या कोठारात. अँड्रॉइडवरून आयफोनवर किंवा उलट जावयाचे तर पैसे मोजून घेतलेली ॲप्स पुन्हा विकत घ्यावी लागतात. व्हॉट्सॲपवरचा जुना मजकूर एका प्रणालीतून दुसरीत नेण्याची सोय २०२१-२२पर्यंत अधिकृतपणे नव्हतीच. अँड्रॉइडवर या मजकुराची राखीव प्रत गुगलकडे फुकट ठेवता येत असे. २०२४पासून तीही ठरलेल्या १५ जीबीच्या मापात मोजली जाऊ लागली. माप भरले की भाडे द्या. पैसे पाठविण्याचे ॲप नव्या फोनात पुन्हा बँकेशी जोडून घ्यावे लागते, ते सुरक्षिततेसाठी आवश्यकच आहे. पण ज्याला हे जमत नाही तो दुकानदाराच्या हाती फोन, सिमकार्ड आणि गुप्त अंक सगळेच सोपवून मोकळा होतो, आणि पुढे फसला की त्याच्या अडाणीपणाची चर्चा होते. मेलेल्या बापाचा आवाज, बियाण्याच्या पिशवीवरच्या चिठ्ठीचे छायाचित्र, उसनवारीचा हिशेब, हे सारे नव्या फोनात आले तर आले.

आपली माहिती एका कंपनीकडून उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क युरोपातील नागरिकांना मे २०१८पासून कायद्याने आहे. भारतातही तो मिळावयाचा होता. न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या समितीने, मुंबई दंगलींच्या चौकशीमुळे ज्यांचे नाव महाराष्ट्राला आदराने ठाऊक आहे तेच हे श्रीकृष्ण, जुलै २०१८मध्ये जो मसुदा दिला त्यात हा हक्क स्पष्ट लिहिला होता. २०१९च्या विधेयकातही तो होता. ऑगस्ट २०२३मध्ये जो कायदा संसदेने संमत केला त्यातून मात्र तो गाळला गेला. लोकसभेत त्या दिवसांत मणिपूरवरून गदारोळ चालला होता. त्या गोंधळात कोट्यवधी फोनधारकांच्या मालकीचे एक कलम कधी गळून पडले हे कोणाला कळलेही नाही. वसमतच्या शेतकऱ्याला कळले नाही, हे आश्चर्य नाही. ज्यांना आपण निवडून पाठवितो त्यांना तरी कळले होते काय?

येथे वसमतच्या हळदीविषयी एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. २०२४ साली वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे नाव तिलाही आहे. पण हे नाव कोणा शेटजीच्या तिजोरीत नाही. त्या भागात ती हळद पिकविणाऱ्या साऱ्यांचा त्यावर सामाईक हक्क असतो, आणि भागधारकांच्या सभेत ठराव करून ते सिंगापूरला विकता येत नाही. नावाची मालकी अशीही असू शकते, हे ज्या तालुक्याला अनुभवाने ठाऊक झाले आहे त्याला फोनच्या नावांचे एवढे कौतुक वाटावे, याचे आम्हाला नवल वाटते.

फोन बदलण्याचे सर्वांत मोठे कारण तो नावडता होणे हे नसतेच. तो दुरुस्त होत नाही, हे असते. वसमतच्या कोणत्याही रस्त्यावर दोन फूट रुंदीच्या टपरीत भिंगाखाली डोके घालून बसलेली पोरे आहेत. कंपनीने चिकटवून बंद केलेले कवच गरम हवेने उघडणे, पडदा बदलणे, चार्जिंगची खाच साफ करणे हे त्यांचे कसब कोणत्याही तंत्रनिकेतनाने शिकविलेले नाही. कंपनी त्यांना अस्सल सुटे भाग देत नाही, नकाशे देत नाही, आणि त्यांनी फोन उघडला तर हमी नाकारण्यास टपलेली असते. अधिकृत केंद्र तालुक्याला नसेल तर नांदेडचा रस्ता धरावा लागतो, एक दिवसाची मजुरी बुडते, आणि तेथे दुरुस्तीचा आकडा असा सांगतात की माणसाने नवा फोन घेण्याचा विचार करावा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरात एक संकेतस्थळही उघडले. कंपन्यांनी आपखुशीने माहिती द्यावी, असा त्याचा घाट. युरोपीय संघाने २० जून २०२५पासून सक्ती केली आहे: विक्री थांबल्यावरही सात वर्षे सुटे भाग मिळाले पाहिजेत आणि प्रणालीची सुधारणा किमान पाच वर्षे पुरविली पाहिजे. त्याच कंपन्या, तेच फोन. पॅरिसच्या गिऱ्हाइकाला जे देणे त्यांना जमते ते परभणी-हिंगोलीच्या गिऱ्हाइकाला देता येत नाही, हे आम्ही कसे मान्य करावे?

हप्त्यावर घेतलेल्या फोनची कहाणी याहून कडू आहे. हप्ता चुकला की सावकाराने दूर बसून फोनच बंद करून टाकावा, अशी सोय काही वित्तसंस्था वापरीत होत्या. रिझर्व्ह बँकेने तिला आडकाठी केली. २०२५च्या सप्टेंबरात मात्र काही अटींवर ही मुभा द्यावी असा विचार चालल्याच्या बातम्या आल्या. पूर्वी जप्तीत बैल नेत, तरी पंचनामा होई, गाव पाहत असे. येथे पंचनामा नाही. ज्या फोनवर शेतकऱ्याचा पीकपेरा, मजुराचे कामाचे बोलावणे आणि सेविकेची हजेरी आहे, तो अंधारात काळा पडणार. सुगीच्या आत हप्ता चुकला तर ई-पीक पाहणीची मुदत त्याच्यासाठी कोण थांबविणार आहे?

मागण्या नव्या नाहीत आणि क्रांतिकारकही नाहीत. माहिती बरोबर नेण्याचा हक्क कायद्यात परत घाला. सुटे भाग आणि त्यांच्या किमती जाहीर करणे सक्तीचे करा, आणि टपरीतल्या कारागिराला ते मिळू द्या. ज्या कामासाठी शासन फोन मागते, त्या कामासाठी फोन, त्याची दुरुस्ती आणि त्याचा रिचार्ज शासनाने द्यावा, आणि पडद्यावरची भाषा मराठी असावी. ज्याच्याकडे फोन नाही त्याचा पेरा ग्राम महसूल अधिकाऱ्याने शेतावर जाऊन विनातक्रार लिहावा. तशी सोय कागदावर आहे, ती बांधावर दिसू द्या. कर्जासाठी फोन बंद करण्यास मुभा देऊ नये. यांपैकी शासनाने द्यावयाच्या गोष्टींचा ठराव कुरुंदा, हट्टा, गिरगावसारख्या मोठ्या गावांच्या ग्रामसभाही करू शकतात, आणि सेविकांच्या फोनपासून सुरुवात करावी, कारण त्यांनी लढून अर्धी वाट मोकळी करून ठेवली आहे. नवे फोन मिळाले असतील त्या सेविकांकडून त्यांच्या हमीची मुदत कोणत्या तारखेला संपते, एवढे ग्रामसभेने लिहून घ्यावे आणि ती तारीख येण्यापूर्वीच प्रकल्प कार्यालयाला लेखी विचारावे की त्यानंतरचा दुरुस्तीखर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकणार.